वस्तीत आरोग्याच्या कामाला नवीन लागलीयस ना, मग हे वाच

अगं, गोवंडी-मानखुर्दला गरोदर बाईच्या दारात सासू उभी असताना एचआयव्ही हा शब्दच काढू नकोस, हिमोग्लोबिन, शुगर, सगळं रक्त फुकट तपासतात चल एवढंच बोल, बाकी आयसीटीसीतली, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रातली मॅडम दार लावून नीट समजावते, संमती पण तीच घेते. पहिल्या तीन महिन्यातच पाठव, सातव्यात बाया गावी पळतात मग कुठं शोधणार! पॉझिटिव्ह आली तरी धीर दे, एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) लगेच आणि रोज घेतल्या तर बाळाला लागण व्हायचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो, नाहीतर १५ ते ४५. गावी जाणारच असेल तर एआरटी सेंटरचा, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथला, ट्रान्सफरचा कागद पिशवीत टाकला का बघ. रिपोर्ट कुणालाच सांगायचा नाही, २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदाच आहे. नवऱ्यालाही तपासायला पाठव, खाडा होतो म्हणून टाळतात मेले.