मॅच होतेच आहे, मग रड कशाची? (ॲपल कप आणि बाकीच्या खुन्नसा)

प्रश्न थोडक्यात असा होता: तुमची मुलगी पुलमनला वॉशिंग्टन स्टेटमध्ये चाललीये, तुम्ही सिअ‍ॅटलला नवीन, आणि ऑफिसात जो तो सांगतोय की पॅक-१२ (पश्चिमेकडच्या कॉलेजांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) मोडलं, ॲपल कपची (वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, अमेरिकन फुटबॉलची मॅच) मजा गेली. पण मॅच तर २०२४ ला झाली, २०२५ ला झाली, करार २०२८ पर्यंतचा आहे. मग रड कशाची? आणि वर तुम्ही विचारलंय की टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम तर याच कॉन्फरन्सांच्या उलथापालथीमुळे परत खेळायला लागले, मग सगळं वाईटच कसं म्हणायचं.

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. मी इतकी वर्षं हे बघून एक ठोकताळा बांधलाय तो सांगतो. दोन्ही कॉलेजं पैसेवाली असतील तर खुन्नस टिकते, मेलेली असली तरी परत उठून बसते. एक पैसेवालं आणि एक फाटकं असेल तर नुसती मॅच उरते, आणि काही वर्षांनी तीही उरत नाही. लोक अंतराच्या नावाने बोंब मारतात, न्यू जर्सीच्या रटगर्सच्या पोरांनी सिअ‍ॅटलला का यायचं वगैरे, ते खरंच आहे, पण खुन्नस त्याने मरत नाही.

आता पैसा कुठून आला ते. १९८४ पर्यंत टीव्हीवर कुठली कॉलेज मॅच दाखवायची हे एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संस्था, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टाने ७-२ ने एनसीएएची मक्तेदारी मोडली, आणि तेव्हापासून ज्याच्याकडे मोठी नावं त्याच्याकडे चॅनलवाले. गंमत बघा, ज्या ओक्लाहोमाने केस लढवली तिचाच नेब्रास्काबरोबरचा दरवर्षीचा सामना बिग १२ ही कॉन्फरन्स तयार झाल्यावर बंद पडला. म्हणजे १९७१ च्या थँक्सगिव्हिंगला ज्यांनी ३५-३१ वाली मॅच खेळली, जिला लोक अजून शतकातली मॅच म्हणतात, ते दोघं एकाच कॉन्फरन्समध्ये असूनसुद्धा १९९८ आणि १९९९ ला एकमेकांशी खेळलेच नाहीत, कारण दोघांना वेगवेगळ्या गटात टाकलं होतं. कोणी कुठे गेलं नव्हतं, फक्त वेळापत्रक बदललं होतं. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या मते खुन्नस जगते ती वेळापत्रकात.

तर ॲपल कप. २५ नोव्हेंबर २०२३, पॅक-१२ मधला शेवटचा, सिअ‍ॅटलला हस्की स्टेडियमवर. वॉशिंग्टन ११-० (११ जिंकल्या, एकही हरले नाहीत), नॅशनल टायटलच्या वाटेवर. वॉशिंग्टन स्टेट ५-६, जिंकले तर बोल गेमला (सीझननंतरच्या मानाच्या मॅचला) पात्र, हरले तर सीझन संपला. स्कोअर २१-२१, मिनिटभर उरलेलं, वॉशिंग्टन स्वतःच्याच २९ यार्डांवर, चौथा डाउन (बॉल पुढे नेण्याचा शेवटचा प्रयत्न) आणि १ यार्ड हवा. शहाणा कोच इथे पंट मारतो, म्हणजे बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतो. वॉशिंग्टनच्या कोच डिबोअरने बॉल दिला रोम ओडुन्झेला, म्हणजे जो पास पकडणारा त्यालाच पळवलं, २३ यार्ड. मग ग्रेडी ग्रॉसचा ४२ यार्डांचा फील्ड गोल (लाथेने मारलेला, ३ पॉइंटांचा), घड्याळ शून्यावर, २४-२१. ग्रॉसला तोवर स्कॉलरशिप नव्हती, ड्रेसिंग रूममध्ये तिथल्या तिथे जाहीर केली. आमच्या टीममधला पुलमनवाला सोमवारी ऑफिसला आला आणि दुपारपर्यंत कोणाशी बोलला नाही, आणि कोणी त्याला छेडलंही नाही, कारण गावाकडची जखम असते तसं ते. याला म्हणतात खुन्नस. एकाला टायटल पाहिजे, दुसऱ्याला ते हिसकावायचंय आणि स्वतःचं बोलचं तिकीटही काढायचंय, सीझनचा शेवट, थंडी, थँक्सगिव्हिंगचा वीकेंड, अर्धी खानदानं जांभळी (वॉशिंग्टन) आणि अर्धी लाल (वॉशिंग्टन स्टेट).

आता पुढचाच ॲपल कप घ्या. १४ सप्टेंबर २०२४. सप्टेंबर! पोरं अजून हॉस्टेलात सामान लावतायत. जागा लुमेन फील्ड, म्हणजे सीहॉक्स या व्यावसायिक टीमचं मैदान, दोघांपैकी कोणाचंच घर नाही. आणि मॅच तशी जबरदस्त झाली हो, शेवटच्या दीड मिनिटात वॉशिंग्टन गोल लाइनपासून १ यार्डावर, चौथा डाउन, आणि पुलमनवाल्यांनी अडवलं, २४-१९ जिंकले. पण त्या विजयाने काय झालं? वॉशिंग्टन आता बिग टेन कॉन्फरन्समध्ये, तिथल्या पॉइंट टेबलवर शष्प फरक नाही. वॉशिंग्टन स्टेटकडे तर धड टेबलच नव्हतं, पॅक-१२ मध्ये ते आणि ओरेगन स्टेट असे दोनच उरलेले, बाकी मॅचेस माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सकडून जमवलेल्या. सुरुवात ८-१ केली, शेवट ८-५ वर. डिसेंबरात क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मटीअर ओक्लाहोमाला गेला, कोच डिकर्ट वेक फॉरेस्टला गेला. शेजाऱ्याला हरवलं आणि त्याच हिवाळ्यात घर रिकामं झालं, आता बोला. २०२५ ला वॉशिंग्टनने त्यांना पुलमनमध्येच ५९-२४ ने धुतलं, ते ओघाने आलंच.

म्हणून लोक रडतात. मॅच आहे, कप आहे, पण तो सीझनच्या सुरुवातीला सरावासारखा उरकला जातोय आणि त्याने कोणाचं काही अडत नाही.

ओरेगनमध्ये याच्याही पुढची गोष्ट झालीये. युजीन (ओरेगन) आणि कोर्व्हालिस (ओरेगन स्टेट) गाडीने तासाभराच्या आत, सामना १८९४ पासूनचा. २०२४ ला ४९-१४, २०२५ ला ४१-७, दोन्ही वेळा ओरेगन, आणि २०२६ च्या वेळापत्रकात ही मॅचच नाही, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा. कोणी भांडण केलं नाही, कोणी दार आपटलं नाही. ओरेगनला फक्त तारीख जमली नाही. पैसेवाल्याला तारीख जमत नाही हे आपल्याला नवीन नाही.

ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट, तिथेही तेच. ४ नोव्हेंबर २०२३ ला स्टिलवॉटरला धाकट्याने, म्हणजे ओक्लाहोमा स्टेटने, २७-२४ ने मारलं, मग ओक्लाहोमा एसईसी कॉन्फरन्समध्ये गेलं आणि मॅच बंद. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता टेक्सस. तिथे भांडण मुळात चॅनलचंच. २०११ ला टेक्ससने ईएसपीएन चॅनलबरोबर स्वतःचं लाँगहॉर्न नेटवर्क काढलं, २० वर्षांचे ३० कोटी डॉलर, आणि ए अँड एमच्या डोक्यात तिडीक गेली, ते एसईसीत निघून गेले. शेवटची मॅच २४ नोव्हेंबर २०११, जस्टिन टकरने शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारला, २७-२५ टेक्सस. मग बारा सीझन एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, पण दोघांच्याही कॉलेजच्या गाण्यात एकमेकांना चिमटे आहेत ते प्रत्येक शनिवारी चालूच होते, समोर दुसरीच टीम उभी असली तरी. ही खुन्नस किती खोल आहे हे १९९९ ला दिसलेलं. याच मॅचसाठी ए अँड एमची पोरं दरवर्षी लाकडांचा अवाढव्य ढीग रचून होळी पेटवायची, तो ढीग त्या वर्षी रचतानाच कोसळला आणि १२ जण गेले. आठवडाभराने मॅच झाली तेव्हा टेक्ससच्या बँडने मैदानात टोप्या काढल्या, समोर नव्वद एक हजार माणसं एकदम चिडीचूप. पक्का वैरीच असं करू शकतो, त्रयस्थ माणूस नाही.

अशी खुन्नस परत आली ती २०२४ ला, टेक्सस एसईसीत शिरल्यावर. पण ती प्रेमाने आली नाही, पैशाने आली. दोन्ही कॉलेजं गडगंज, दोन्हीकडे लाखभर माणसांची स्टेडियमं, चॅनलला ही मॅच हवीच होती. आणि ती थँक्सगिव्हिंगच्याच वीकेंडला लावली, पणाला एसईसीच्या फायनलची जागा, टेक्सस १७-७. २०२५ ला ए अँड एम ११-० येऊन ऑस्टिनला २७-१७ हरले. तारीख आहे, पणाला काहीतरी आहे, दोघंही तुल्यबळ. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. यूटा आणि बीवाययू (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) पण असेच बिग १२ मध्ये परत एकत्र आले आणि पहिलाच सामना २२-२१ झाला, कोण म्हणेल ते वाईट झालं.

पूर्वी फाटक्यांना वाचवायला राजकारणी यायचे. २००३ ला व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने जोर लावला म्हणून व्हर्जिनिया टेक एसीसी कॉन्फरन्समध्ये गेलं. हल्ली फार तर पोटगी मिळते. यूसीएलए (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचं लॉस एंजेलिसचं कॅम्पस) त्याच युनिव्हर्सिटीच्या बर्कलीला सोडून बिग टेनमध्ये गेलं तर दोघांच्या सामाईक बोर्डाने त्यांना सांगितलं, तीन वर्षं दरसाल १ कोटी डॉलर बर्कलीला द्या. त्याचं नावच लोकांनी कॅलिमनी पाडलंय (बर्कलीचं टोपणनाव कॅल, आणि ॲलिमनी म्हणजे पोटगी). पुलमनला तेही नाही, कारण तिथे दोन्ही युनिव्हर्सिटींचा बोर्ड वेगळा.

राहिली तुमची मुलगी. घाबरू नका, २०२६ पासून पॅक-१२ परत उभं राहतंय, बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे घेऊन. बॉइझीशी छान जुंपेल असं मला वाटतं. पण पुलमनच्या लोकांची फार कीव करू नका, हेही सांगतो. पुलमनपासून ८ मैलांवर, राज्याची हद्द ओलांडली की मॉस्को गाव, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहो. एके काळी या दोघांत दरवर्षी सामना व्हायचा, आणि हरलेल्या कॉलेजची पोरं सामन्यानंतर गव्हाच्या शेतांमधून जिंकलेल्यांच्या कॅम्पसपर्यंत चालत जायची. मग पुलमनवाले मोठे झाले, पॅसिफिकच्या कॉन्फरन्समध्ये रमले, आयडाहो मागे पडत गेलं, २०१८ ला खालच्या डिव्हिजनला उतरलं. दरवर्षीची मॅच त्याच्या कितीतरी आधीच सुटली होती, आणि तेव्हा पुलमनमध्ये कोणी गळा काढला नव्हता. २०२५ चा सीझन त्यांनी आयडाहोविरुद्धच सुरू केला आणि १३-१० असे घाम गाळून कसेबसे सुटले. मुलीला म्हणावं परत ही मॅच लागली तर तिकीट आधीच काढ, ॲपल कपपेक्षा स्वस्त असेल आणि तिकडची पोरं जीव तोडून खेळतील.