वेगळं ताट

"मॅडम, हिच्याशी काय बोलू तेच कळंना ओ."

सोलापुरात यंत्रमागावर काम करणारे हे गृहस्थ, त्यांना दत्तात्रय म्हणू, हातातली फाइल सारखी उघडत-मिटत होते. पत्नीला स्तनाचा कॅन्सर. बार्शीला दुसरी केमो नुकतीच झालेली. पेशंटच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी कायम ऐकते, तरी उत्तर चुकलेच. "धीर द्या त्यांना," म्हणून पाठवून दिलं. ते रोज कामावर निघताना "काय होत नाही बघ तुला" म्हणू लागले आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. ज्याचं दुखतंय त्याला 'काय होत नाही' म्हणणं म्हणजे त्याचं बोलणंच बंद करणं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

पुढच्या खेपेला वहिनींना एकटं भेटले. बराच वेळ केसांवरच बोलल्या. तिसऱ्या आठवड्यात उशीवर पुंजकेच्या पुंजके. मग खाली बघत म्हणाल्या, "ह्यांनी माझं ताट-तांब्या वेगळं काढलंय. रोग लागंल म्हणून. मी तरी कशाला विचारू?"

दत्तात्रयना विचारलं, तर ते चाटच पडले. कॅन्सर ताटातून लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा आपला जंतुसंसर्ग तिला होऊ नये, म्हणून तिची भांडी ते स्वतः उकळत्या पाण्यातून काढत होते. कारखान्यातून आल्यावर आधी अंघोळ, मगच तिच्या खोलीत. हे सगळं तिला सांगितलंत का? "त्यात काय सांगायचं?"

दोघांना समोरासमोर बसवलं. वहिनी आधी रडल्या, मग चिडल्या. चिडल्या ते बरं झालं.

दत्तात्रयना एवढंच म्हटलं, काही करण्याआधी त्यांना विचारा. ताप मात्र अपवाद. 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला की घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. तापाची वही वहिनींनीच लिहायची ठरली.

महिन्याने दोघं आले. वहिनींचं तोंड आलेलं, शेंगाचटणी चालत नव्हती, त्याचीच तक्रार जास्त. मी ताटाचं विचारलं.

"मांडणीत गेलं परत," दत्तात्रय म्हणाले. "घासतो मात्र मीच."

"आणि मी परत विसळते," वहिनी म्हणाल्या.