वाचला, की वाचून झाला?

प्रश्न : ‘वाचलं’ म्हटलं की क्रिया पूर्ण झालीच ना? मग ‘वाचून झालं’, ‘वाचून टाकलं’, ‘वाचून ठेवलं’ ही शेपटं कशाला? मुलांच्या निबंधांतून मी ती खोडते. चुकतंय का? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, लाल पेन जरा खाली ठेवा. मुद्रितशोधनाच्या नोकरीत नवा असताना मी सहकाऱ्याला एका फॉर्मबद्दल (म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या संचाबद्दल) विचारलं होतं, “फॉर्म वाचला का?” “वाचला की, सकाळभर वाचला.” मी तो छपाईला सोडला. सोळा पानांपैकी शेवटची चार त्याने पाहिलीच नव्हती! तो खोटं बोलला नव्हता. ‘सकाळभर’ माझ्या कानावरून गेलं, एवढंच.

‘भर’ नुसता वेळ मोजतं. काम तडीला गेलं की नाही, ते सांगत नाही. ‘सकाळभर फॉर्म वाचून टाकला’ असं म्हणून बघा, जीभ अडते. ‘तासात वाचून टाकला’ हे मात्र सरळ येतं. ही मेख पाणिनीने हेरली होती. ‘अपवर्गे तृतीया’ हे त्याचं सूत्र. फळ हाती येऊन क्रिया संपली, तर काळवाचक शब्दाला तृतीया : ‘मासेन अनुवाकोऽधीतः’, म्हणजे महिन्यात पाठ शिकून झाला. ‘मासम् अधीतः’ म्हटलं, तर महिनाभर घोकला, डोक्यात शिरला की नाही ते देव जाणे.

संस्कृतात हे काम विभक्ती करते. आपण त्यासाठी सहायक क्रियापदही हाताशी ठेवलंय, आणि ते आणखी एक गोष्ट सांगून जातं : काम कशासाठी केलं. ‘पत्र लिहून ठेवलं’ म्हणजे पुढे लागेल म्हणून. ‘लिहून दिलं’, दुसऱ्यासाठी. ‘लिहून टाकलं’, डोक्यावरचं ओझं उतरवायला. ‘लिहून झालं’ यात हेतू नाही, फक्त शेवट. तुम्ही शेपूट कापता तेव्हा मुलाचा हेतूही कापला जातो.

‘लिहायला बसलो’चं उलटं आहे. तिथे हेतू आहे, पण पुढे एक ओळ तरी उतरली का, याची हमी नाही. (हे उत्तर लिहायला मी परवाच बसलो होतो.)

‘संपवून टाकून झालं’ असं कुणी लिहिलं, तर मात्र खुशाल खोडा.