बाटली एकच, जनावरं वेगळी: मेंढ्यांच्या जंतनाशकाबद्दल तुमचे प्रश्न

पावसाळा लागल्यापासून एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे: औषध पाजलं, पण लागू पडलं नाही. दोष दर वेळी औषधाचाच नसतो. निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न (हिंगणा): शेळ्या-मेंढ्या एकाच वाड्यात आहेत. एकाच मापाने पाजलं तर चालेल का?

नाही. शेळीचं शरीर अल्बेंडाझोलसारखं औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं. मेंढीच्या मापात शेळीचे सगळे जंत मरत नाहीत. उरतात ते औषधाला दाद न देणारे, आणि त्याच कुरणातून ते मेंढीच्या पोटात जातात. अल्बेंडाझोलची मात्रा शेळीला साधारण दुप्पट धरतात, पण हा हिशेब सरसकट लावू नका. लेव्हामिसोल हे दुसरं जंतनाशक जास्त झालं तर लाळ गळते, थरथर सुटते, जनावर दगावतंही. शेळीचं माप पशुवैद्यकाकडून लिहून घ्या.

प्रश्न (उमरेड): गाभण मेंढीला अल्बेंडाझोल देऊ का?

फळल्यापासून पहिला महिना अजिबात नको, कोकरात व्यंग येऊ शकतं. तारीख माहीत नसेल तर डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घ्या.

प्रश्न (काटोल): ६० मेंढ्यांना अल्बेंडाझोल (२.५ टक्के) प्रत्येकी ६ मिली पाजलं. दहा दिवस झाले, काहींच्या जबड्याखालची सूज तशीच आहे. दुकानदार म्हणतो, नवीन 'स्ट्राँग' कंपनीचं न्या. नेऊ का?

थांबा. आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. नाव नवं आणि आत तेच अल्बेंडाझोल, हा प्रकार नेहमीचा आहे.

आता हिशेब बघा. ६ मिलीत १५० मिलिग्रॅम औषध असतं. गोलकृमींसाठी मेंढीला किलोला ५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे तुमचं माप ३० किलोच्या मेंढीचं आहे. ४५ किलोच्या मेंढ्याला त्यात किलोला जेमतेम ३.३ मिलिग्रॅम मिळालं. अंदाजाने वजन धरणं हेच कमी मात्रेचं मूळ आहे. कोकरं, मेंढ्या आणि मेंढे असे तीन गट करा. झोळी काट्याला अडकवून गटातलं सर्वांत जड जनावर तोला आणि त्या वजनाचं माप गटातल्या सगळ्यांना द्या. सरासरी काढू नका. लेव्हामिसोल किंवा क्लोझँटेल असेल तर गट आणखी लहान करा. क्लोझँटेल जास्त झालं की मेंढी आंधळी होऊ शकते.

दुसरी चूक पाजण्यात होते. बाटली खूप हलवा, औषध तळाशी बसतं. नळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून जिभेच्या मागच्या भागावर न्या. औषध पुढेच सोडलं तर अन्ननलिकेची पन्हळ मिटू शकते आणि ते कोटीपोट (पहिलं मोठं पोट) टाळून थेट चौथ्या पोटात उतरतं. कोटीपोटातून हळूहळू झिरपत राहण्याऐवजी ते झटकन निघून जातं. हगवण लागलेल्या जनावरातही असंच होतं. मान वर ताणू नका, औषध फुप्फुसात जाईल.

सूज राहण्याला तिसरं कारणही असू शकतं: यकृतातले चपटे कृमी. तुमच्या मापाने ते मरत नाहीत. किलोला ७.५ मिलिग्रॅमनेही फक्त मोठे मरतात, कोवळे वाचतात. शिवाय ही सूज रक्तातली प्रथिनं घटल्याने येते, ती भरून यायला वेळ लागतो, त्यामुळे जंत मेले तरी सूज लगेच उतरत नाही.

म्हणून लेंड्या तपासा. औषधाच्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी त्याच १०-१५ मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या थेट गुदद्वारातून घ्या, थंड ठेवा (गोठवू नका) आणि जवळच्या दवाखान्यात किंवा नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारून पोहोचवा. तुमचा पहिला नमुना हुकला आहे, निदान चौदाव्या दिवसाचा तरी द्या. लेंड्यांतली जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर जंत औषधाला सरावल्याची शंका घ्यायची. औषध बदलायचं तर तेव्हा, आणि तेही कंपनी नव्हे, औषधाचा गट, म्हणजे आतलं औषधच वेगळ्या प्रकारचं.

प्रश्न (नरखेड): पाजण्याआधी उपाशी ठेवावं का?

अल्बेंडाझोलसाठी फायदा होतो. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, पाणी चालू. मात्र व्यायला आलेली आणि अशक्त मेंढी उपाशी ठेवू नका.

प्रश्न (कुही): कडुलिंबाचा पाला खाऊ घातला की औषधाची गरज लागत नाही म्हणतात. खरं आहे का?

त्या भरवशावर राहू नका. चौथ्या पोटातला एक रक्तपित्या जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घेतो. पाच हजार असले तर पाव लिटर! खालची पापणी ओढून बघा. आतून पांढरी दिसली तर आजच डॉक्टर बोलवा.