दुबई विमानाकडे सरकत येते का?

प्रश्न : माझा मुलगा दुबईला नोकरीला आहे. त्याच्या तिकिटावर मुंबईहून सकाळी १० ला सुटून पावणेबाराला दुबई, असं छापलंय. येताना मात्र तिथून १० ला निघून मुंबईला दुपारी सव्वादोन! अंतर तेवढंच, मग असं कसं? शेजारचे भावोजी म्हणतात, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना दुबईच विमानाकडे सरकत येते. खरं का? आणि त्याच रात्रीची कोकणची गाडी त्याला मिळेल का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : ताई, आधी घड्याळ लावून घेऊ. तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात आणि दुबई आपल्या दीड तास मागे. तिथे पावणेबारा, तेव्हा राजापुरात सव्वा वाजलेला असतो. म्हणजे जायला सव्वातीन तास. येताना त्यांचे दहा ते आपले साडेअकरा. तिथून सव्वादोनपर्यंत पावणेतीन तास. भावोजींचं उलटंच निघालं की! दुबईला जायलाच अर्धा तास जास्त लागतो.

मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटरने पूर्वेला पळते, हे त्यांचं बरोबर. पण हवाही तिच्यासोबत पळते. चालत्या गाडीच्या डब्यात उडणारी माशी काही मागच्या भिंतीवर आपटत नाही. हवा मागे राहिली असती, तर आपल्याला कायम तेवढ्याच वेगाचा वारा सोसावा लागला असता. २०२० च्या निसर्ग वादळात ताशी ११०-१२० च्या वाऱ्याने श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा विचार करा. भावोजींना सांगा, तसां काय नसतां.

तो अर्धा तास खातो वरचा वारा. विमानतळाच्या हवामान कार्यालयात माझी नोकरी झाली. उड्डाणाआधी वैमानिकाच्या हातात वरच्या वाऱ्यांचा नकाशा ठेवायचा, हे काम. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर उत्तर भारतावरून पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो आणि त्याची दक्षिणेकडची कड या मार्गावर येते. अंतर साधारण १९३० किलोमीटर, विमानाचा वेग ८३० धरा. शंभराचा वारा तोंडावर आला की जमिनीवरून मोजलेला वेग ७३०, पाठीवर आला की ९३०. भागाकार केलात तर जाताना दोन तास चाळीस, येताना दोन तास पाच मिनिटं. धावपट्टीपर्यंत सरपटणं, चढणं, रांगेत घिरट्या घालत उतरणं याची पस्तीस-चाळीस मिनिटं दोन्हीकडे मिळवा, म्हणजे तिकिटावरचा आकडा येतो.

पावसाळ्यात गंमत वेगळीच. खाली आपल्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा माडांना पिळत असतो, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि त्याच वेळी खूप वर मात्र पूर्वेचा वारा! हिवाळ्यातला पश्चिमेचा झोत तेव्हा हिमालयापलीकडे गेलेला असतो. म्हणून जाण्यायेण्यातला फरक तेव्हा बराच कमी होतो. नोकरी लागेपर्यंत हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि जन्म वेंगुर्ल्याचा!

रात्रीची गाडी मिळेल. सव्वादोन ही विमान उभं राहण्याची वेळ. पुढे पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, मग ठाण्याला किंवा पनवेलला पोचणं. विमान उतरल्यापासून चार तासांच्या आतली गाडी मात्र धरू नका. आणि दुबईहून मुंबईला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट तरी पुढे राजापूर रोडला लागेल, तेव्हा आरक्षण आधी करून ठेवा.