घड्याळांच्या ग्रुपवर सगळे सिनेमावरच का भांडतात, आणि सिनेमात बघितलेलं घड्याळ घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही घड्याळप्रेमींच्या एका ग्रुपवर नुकतेच आलात, तिथे रोलेक्स-ओमेगावाले लोक घड्याळं सोडून रात्र-रात्र सिनेमांवर भांडतात ते का, आणि साठ हजार रुपयांत सिनेमात बघितलेलं एखादं घड्याळ घ्यावं का. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे म्हणून आधी पहिलं सांगते.

मी अशा एका ग्रुपवर नऊ वर्षं आहे. आम्ही चौदा जण, पुणे, नाशिक, सांगली, म्हापसा, एक दुबईला, एक लंडनला. निम्म्या लोकांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही, पण आज कोणाच्या हातावर काय आहे आणि कोणता सिनेमा लावला की कोण उठून पाणी प्यायला जातो हे मला घरच्यांसारखं माहीत आहे.

सुरुवातीला आमच्याकडे सिनेमा नव्हता, फक्त घड्याळं होती. आणि नुसती घड्याळं असली की काय होतं ते तुम्हाला दिसेलच, कोणीतरी मनगटाचा फोटो टाकतो, बाकीचे वाहवा करतात, मग किंमत निघते, मग वेटिंग लिस्ट, मग डॉलरचा भाव, मग कस्टम ड्युटी आणि वर १८ टक्के जीएसटी, मग दुबईहून आणलं तर किती वाचतील, आणि ज्याच्याकडे साधं घड्याळ आहे तो माणूस हळूहळू लिहायचाच बंद होतो. मीही दोन महिने गप्प होते. माझ्याकडे तेव्हा बाबांचं एचएमटी जनता आणि एक कॅसिओ, एवढंच होतं.

ते बदललं २०१९ च्या डिसेंबरात. न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूडचा नट मार्लन ब्रँडोचं रोलेक्स जीएमटी-मास्टर साधारण साडेएकोणीस लाख डॉलरला गेलं. 'अपोकॅलिप्स नाऊ' या व्हिएतनाम युद्धावरच्या सिनेमात कर्नल कर्ट्झ झालेल्या ब्रँडोच्या हातावर आहे ते. त्याला बेझल नाही, म्हणजे काचेभोवतीचं ते फिरणारं रंगीत आकड्यांचं कडं काढून टाकलेलं, आणि मागच्या झाकणावर ब्रँडोनं स्वतःच्या हातानं आपलं नाव कोरलेलं. ग्रुपवर दोन दिवस फक्त आकडा चालला होता, एवढे पैसे का, मोडक्या घड्याळाला का. तिसऱ्या दिवशी सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "पण सिनेमा कोणी कोणी बघितलाय?" चौदापैकी पाच. मग शुक्रवारी रात्री सगळ्यांनी आपापल्या घरी एकाच वेळी तो लावायचा आणि बाजूला ग्रुप उघडा ठेवायचा असं ठरलं. तेव्हापासून आमचा शुक्रवार कधी चुकलेला नाही.

त्या रात्री जे झालं त्यामुळे मी या छंदात टिकले. डॉक्टरांनी मध्येच सगळ्यांना सिनेमा थांबवायला लावला आणि म्हणाले, कर्नलचं नंतर बघू, आधी त्याला मारायला निघालेल्या कॅप्टन विलार्डच्या हाताकडे बघा. तिथे सीकोचं डायव्हर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्यांसाठीचं घड्याळ होतं, मॉडेल ६१०५, चावी चारच्या आकड्यापाशी आणि तिला झाकणारा केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीचा, तो एका बाजूला आलेला फुगवटा. व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक हे घड्याळ स्वतःच्या पगारातून कॅन्टीनमध्ये घ्यायचे, सरकारी दिलेलं नव्हे. मग दुबईचा मित्र, ज्याच्याकडे दोन जीएमटी आहेत, तो बराच वेळ काही लिहीना आणि मग त्यानं लिहिलं की जीएमटी हे घड्याळ पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या पायलटांसाठी बनलं, चौथा काटा आणि ते बेझल मिळून दुसऱ्या देशातली वेळ सांगतात, मी स्वतः गेली अकरा वर्षं त्याच्यावर भारताची वेळ लावून ठेवतो, आईला फोन कधी करायचा ते कळावं म्हणून. आणि या कर्नलनं नेमकं तेच काढून टाकलंय. घरी किती वाजले ते त्याला आता बघायचंच नाही.

दिग्दर्शकाच्या मनात असं काही होतं असं माझं म्हणणं नाही. सांगतात असं की घड्याळ ओळखू येईल म्हणून ते काढायला सांगितलं होतं आणि ब्रँडोनं घड्याळाऐवजी बेझल काढलं. पण एका माणसानं अकरा वर्षं रोज हातावर असलेल्या वस्तूकडे त्या रात्री पहिल्यांदा नीट बघितलं, आणि आईच्या फोनची गोष्ट त्यानं आम्हाला त्याआधी कधी सांगितली नव्हती. साडेएकोणीस लाखांचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

तर सिनेमावर भांडणं म्हणजे विषय सोडून भरकटणं असं समजू नका. किंमतीवर बोलताना चौदा जणांची उतरंड लागते, सिनेमावर बोलताना ती मोडते, कारण 'तुला तो माणूस कसा वाटला' या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे सगळ्यात महागडं कलेक्शन असलेल्या काकांची सिनेमाची आवड सगळ्यात चाकोरीतली आहे, त्यांना बाँड सोडून काही नको. १९६२ च्या पहिल्या बाँडपटातली रोलेक्स सबमरीनर, १९७७ ची डिजिटल सीको, १९९५ पासूनची ओमेगा, सगळं तोंडपाठ. आणि त्यांना त्यावरून सुनावायचा हक्क नाशिकच्या पोरानं कमावलाय, ज्याच्याकडे एकच घड्याळ आहे.

या पोराचं सांगायलाच हवं. त्याचा जीव हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनच्या 'ल माँ' वर. १९७१ चा रेसिंगचा सिनेमा, सुरुवातीचा अर्धा तास जवळजवळ संवादच नाहीत, नुसती इंजिनं आणि चेहरे. मॅक्वीनच्या हातावर हॉयर या स्विस कंपनीचं मोनॅको, चौकोनी, निळी तबकडी, आणि चावी डावीकडे. मॅक्वीनला 'जो सीफर्ट' नावाच्या खऱ्या रेसरसारखं दिसायचं होतं, त्या रेसरच्या कपड्यांवर हॉयरचा बिल्ला होता, म्हणून हॉयरचं घड्याळ. तेव्हा सिनेमा पडला आणि घड्याळही फारसं खपलं नाही, सत्तरच्या दशकाच्या मध्यात बंद झालं ते थेट १९९८ ला परत आलं. आज लोक त्याच्यासाठी काही लाख मोजतात. नाशिकचा पोरगा म्हणतो मला ते घ्यायचंच नाही, मला तो अर्धा तास हवा असतो. दर दिवाळीत एकदा तो सिनेमा लावतो. माझ्या मते अख्ख्या ग्रुपात सगळ्यात पक्की आवड त्याची आहे.

आता तुमच्या साठ हजारांकडे येते, कारण इथे मी स्वतः पोळलेय.

त्या शुक्रवारनंतर मला ते विलार्डचं सीको हवंच झालं. जुनं, अस्सल, सत्तरच्या दशकातलं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे दिसलं, फोटो सुंदर, त्यानं लिहिलेलं सगळं ओरिजिनल. ग्रुपला न विचारता घेतलं, सत्तर हजार. आल्यावर उत्साहात सगळ्या बाजूंनी फोटो टाकले आणि दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला, ताई, मागच्या झाकणावरचा नंबर वाचा. सीकोच्या जुन्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा आणि दुसरा महिन्याचा असतो. माझा ६ आणि ५, म्हणजे मे १९७६. मग म्हणाले आता तबकडीवर खाली काय लिहिलंय ते बघा. भिंग लावून बघितलं तर 'वॉटर १५० एम प्रूफ'. डॉक्टर म्हणाले, 'प्रूफ' हा शब्द सीकोनं सत्तरच्या आसपासच सोडला, शहात्तरच्या घड्याळावर 'रेझिस्ट' पाहिजे. म्हणजे केस एकाची, तबकडी दुसऱ्याची, आणि नीट बघितलं तर ती तबकडीही नंतर कोणीतरी छापलेली, अक्षरांच्या कडा जाड, तासांच्या खुणांवर भरलेला चमकणारा रंग एका ठिकाणी पांढऱ्या रेघेबाहेर आलेला. पैसे परत मिळाले नाहीत. त्या विक्रेत्यानं पुढे उत्तर देणंच बंद केलं.

पैशांपेक्षा मला याचं वाईट वाटलं की ज्यांच्यासोबत तो सिनेमा बघून मला ते घड्याळ आवडलं त्यांनाच मी विचारलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते, विचारा. चांगल्या ग्रुपवर बावळट प्रश्न नसतो.

अशा जोडाजोडीच्या घड्याळांना जगभरचे कलेक्टर 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते तुच्छतेनं म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. नव्यानं रंगवलेली तबकडी अस्सल म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, त्यात शंका नाही. पण ही कला फसवणुकीतून आलेली नाही. आपल्याकडे आयातीवर इतकी बंधनं होती की परदेशी घड्याळ बिघडलं की पार्ट मिळायचे नाहीत, मग घड्याळजी दोन बंद घड्याळांतून एक चालू करून द्यायचा, डागाळलेली तबकडी रंगवून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाला ते माहीत असायचं. आमच्या म्हापशाच्या मित्राच्या आजोबांनी पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात परदेशी माल सहज मिळायचा तेव्हा, एक स्विस घड्याळ घेतलं होतं. त्याच्यावर आज तिसरी तबकडी आहे. तो ते अभिमानानं घालतो आणि विचारलं की लगेच सांगतो, तबकडी मुंबईत रंगवलेली. सांगितलं की ती फसवणूक राहत नाही.

आता सिनेमातलं घड्याळ घ्यायचंच असेल तर. 'इंटरस्टेलर' या सिनेमातलं मर्फ नावाच्या मुलीचं हॅमिल्टन बहुतेकांच्या मनात असतं, तुमच्याही असेल. ते २०१४ च्या सिनेमासाठी खास बनवलं होतं, दुकानात नव्हतंच, लोकांनी मागून मागून २०१९ ला कंपनीनं विकायला काढलं, सेकंद काट्यावर मोर्स कोडमध्ये 'युरेका' छापून. सुरेख घड्याळ आहे, किंमत तुमच्या बजेटच्या वर, लाखाच्या आसपास. पण सिनेमा आठवा. बाप अंतराळात जाताना मुलीच्या हातात घड्याळ देतो, ती रागानं ते फेकते, आणि खूप वर्षांनी शेल्फवरच्या त्याच घड्याळाचा सेकंद काटा अडखळतोय हे तिला दिसतं. ते बघताना मी हॅमिल्टनचा विचार करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून बाबांचं जनता काढलं. सिटिझनच्या मदतीनं एचएमटीनं १९६१ ला बंगळूरात घड्याळं बनवायला सुरुवात केली, २०१६ ला सरकारनं ती घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं, आणि मधल्या काळात आपल्याकडे नोकरी लागली, लग्न ठरलं की एचएमटीच. बाबांचं तबकडीवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं आहे. बारा वर्षं बंद होतं. रविवार पेठेतल्या घड्याळजींकडे नेलं, त्यांनी डोळ्याला आयग्लास लावली, झाकण उघडलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. आत तेल वाळून पिवळट झालेलं, सतरा ज्वेलपैकी दिसणारे लाल खडे तेवढे स्वच्छ, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या तीन तारखा, आधी कोणी कोणी सर्व्हिसिंग केलं त्याच्या. शेवटची १९९४ ची. त्यांनी साफ केलं, तेल दिलं, एका चिमट्यानं बॅलन्स, म्हणजे मागेपुढे फिरणारं चाक, जरासं हलवलं आणि ते चालू झालं. सेकंदाला पाच टिकटिक, आजकालची ऑटोमॅटिक साधारण सहा ते आठ करतात, त्यामुळे जनताचा आवाज जरा सावकाश, मोकळा वाटतो. चौथी तारीख त्यांनी माझ्यासमोर कोरली. खर्च आठशे रुपये.

लंडनच्या मित्रानं तिथल्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात 'द क्लॉक' बघितलं होतं, ख्रिस्तियन मार्क्लेचं, हजारो सिनेमांतली घड्याळं जोडून केलेलं २४ तासांचं काम, पडद्यावर जी वेळ तीच बाहेरची वेळ. तो म्हणाला की त्यात महागडी घड्याळं किती आणि साधी किती हे त्याला आठवतच नाही, कोण वाट बघतंय एवढंच आठवतं. आमच्याकडे हे वाक्य अजून निघतं.

तर माझं स्पष्ट मत, साठ हजार सहा महिने बँकेत राहू द्या. ग्रुपवर तीन-चार शुक्रवार सिनेमे बघा, 'हाय नून' नक्की बघा, दुपारी बाराच्या गाडीची वाट बघत तास-सव्वा तास भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसणं काय असतं ते कळेल. मग कोणता हात डोक्यात राहिला ते ग्रुपला सांगा, घड्याळ नव्हे, हात. लोक तुम्हाला पर्याय सुचवतील. विलार्डवरून बेतलेलं नवं सीको २०२० पासून मिळतं, ते बजेटच्या पुढे जाईल पण निदान तबकडी आणि केस एकमेकांची असतील. जुनंच हवं असेल तर नंबर आणि तबकडीचे फोटो आधी टाका, पैसे नंतर.

आणि घरात कोणाचं चावीचं घड्याळ पडलेलं आहे का ते आजच विचारा. असलं तर आधी सर्व्हिसिंग करा, तोवर चावी देऊ नका, वाळलेल्या तेलात चाकं झिजतात. चालू झालं की रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, घड्याळ हातातून काढून, आणि घट्ट लागलं की थांबा. फोटो ग्रुपवर टाका, झाकण उघडलेला पण.