शेर वजनाचा की मापाचा?

प्रश्न असा आहे: घरातल्या जुन्या वहीत चकलीच्या भाजणीसाठी 'तांदूळ चार शेर, हरभरा डाळ दोन शेर, उडीद डाळ एक शेर, धने पावशेर' असं लिहिलंय. हा शेर म्हणजे किती किलो आणि किती वाट्या?

मराठीत शेर दोन. एक तराजूतला, पक्का, 80 तोळ्यांचा. म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. (मुंबईचा जुना शेर 28 तोळ्यांचा होता, तो वेगळाच.) दुसरा धान्य मोजायच्या भांड्याचा, आणि ते भांडं गावागणिक लहानमोठं. जुन्या कागदपत्रांत घोळ होऊ नये म्हणून मापाच्या आकड्यापुढे 'कैली' असं लिहीत. स्वयंपाकाच्या वहीत एवढी काळजी कोण घेतो?

तेव्हा वहीतले बाकीचे शब्द बघायचे. छटाक, तोळा असे शब्द असतील तर शेर वजनाचा. कोळवं, चिपटं, मापटं, पायली असेल तर मापाचा. नवटाक (शेराचा आठवा भाग) मात्र पुराव्याला घेऊ नका, तो कधीच दारूच्या बाटलीकडे वळला.

मापांची चढण दुपटीची: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. म्हणजे पाव शेराच्या मापाला चिपटं हे स्वतःचं नाव होतं. लिहिणारीने भांड्यानं मोजलं असतं तर 'चिपटंभर धने' लिहिलं असतं. 'पावशेर' लिहिलंय, म्हणून माझा कौल वजनाला.

तांदूळ आणि डाळींना याचा फारसा फरक पडत नाही. 200 मिलिलिटरच्या सपाट वाटीत तांदूळ काय, हरभरा डाळ काय, साधारण 160 ते 170 ग्रॅम बसतात, त्यामुळे चार-दोन-एक हे प्रमाण दोन्ही शेरांत तेच राहतं. गोम आहे ती धन्यांत. धने पोकळ, त्याच वाटीत ते जेमतेम 65 ते 70 ग्रॅम मावतात. चार वजनी शेर तांदूळ म्हणजे बावीस-तेवीस वाट्या. त्याला वजनानं पावशेर धने घेतले तर साडेतीन वाट्या होतात, मापाच्या प्रमाणात घेतले तर दीड वाटीसुद्धा नाही. चकलीच्या चवीत हा फरक लगेच कळेल.

त्यातून माप सपाट की शीग लावून, हा आणखी एक गोंधळ. धान्य शिगोशीग भरायची रीत होती, आणि भांड्यावर उभी राहणारी ती रास कुठल्याच कोष्टकात येत नाही. वाटीनं मोजायचं तर वरून हात फिरवून सपाट करा.

वही कधीची आहे तेही बघा. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. तो अमलात आल्यावर शेर गेला, पण पावशेर राहिला आणि गुपचूप 250 ग्रॅमचा झाला; मंडईत 'पावशेर मिरची द्या' म्हटलं की आज तेवढीच तोलतात. तुमच्या वहीत मात्र पूर्ण शेरही आहेत, म्हणजे तिथला पावशेर जुना, 233 ग्रॅमचा धरायला हरकत नाही.

चार शेरांची भाजणी आज कोणी करेलसं वाटत नाही. किलोभर तांदूळ घेणार असाल तर अर्धा किलो हरभरा डाळ, पावशेर (हा आजचा) उडीद डाळ आणि धने एक वाटी, किंचित कमीच.